कॉलेजच्या मुलींचं लॅक्रोस : एनसीएए फायनल कोणी बघितली का?

रानजाई | २७ मे २०२५

परवाच्या रविवारी मॅसॅच्युसेट्समधल्या फॉक्सबरोला, जिलेट स्टेडियमवर, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाला १२-८ असं हरवलं आणि एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) डिव्हिजन वनचं, म्हणजे तीन गटांतल्या सगळ्यात वरच्या गटाचं, मुलींचं लॅक्रोस विजेतेपद चौथ्यांदा घरी नेलं. आयपीएलच्या गदारोळात इथे कुणाला पत्ताही नसणार. क्रिकेट, टेनिस, बुद्धिबळ, सगळ्यांचे धागे शंभरीपार जातात. लॅक्रोसचा शोधला तर एकही नाही. म्हटलं आपणच काढावा.

आम्ही बाल्टिमोरजवळ राहतो. इकडे मार्च उजाडला की पोरं दप्तरासोबत काठी घेऊनच हिंडतात. लेक मैत्रिणींच्या नादाने मैदानावर गेली ती तिथलीच झाली, आता शाळेच्या संघात डिफेन्सला खेळते. मला आधी नुसत्या शिट्ट्या ऐकू यायच्या. आता घरात सगळ्यात मोठा आवाज माझा असतो.

नॉर्थ कॅरोलायना यंदा एकही सामना हरली नाही, २२-०. सेमीफायनलला फ्लोरिडाचा २०-४ असा फडशा पाडला. नॉर्थवेस्टर्न मात्र बॉस्टन कॉलेजला १२-११ असं जेमतेम हरवून आलेली. सगळ्यांच्या तोंडी नाव क्लोई हम्फ्रीचं. गेला अख्खा हंगाम दुखापतीमुळे बाहेर बसली होती, म्हणजे कॉलेजकडून खेळायचं हे तिचं पहिलंच वर्ष. तिच्या दोन मोठ्या बहिणी, ॲशली आणि निकोल, त्याच संघात. ॲशली स्टॅनफर्ड सोडून इकडे आली. तिघी सख्ख्या बहिणी राष्ट्रीय विजेत्या संघात एकाच वेळी! त्यांच्या आईवडिलांनी कुठल्या देवाला काय बोललं होतं कोण जाणे. कोच जेनी लेव्ही, १९९६ साली संघ सुरू झाला तेव्हापासून तीच. तिने स्वतः खेळाडू म्हणून व्हर्जिनियाकडून १९९१ चं विजेतेपद मिळवलेलं आहे.

माझं म्हणणं असं की मुलांच्या लॅक्रोसपेक्षा मुलींचं लॅक्रोस बघायला जास्त मजा येते. आणि त्यातही ही कॉलेजची स्पर्धा म्हणजे या खेळाचा कळस. कोणाचं काय मत?

दगडू_सदाशिवपेठ | २७ मे

लॅक्रोस म्हणजे काठीच्या टोकाला जाळी असते आणि त्यात चेंडू घेऊन पळतात, तेच ना? मग मुलांचं आणि मुलींचं वेगळं कसं? बॅडमिंटन दोघांचं एकच असतं की.

(खोचक प्रश्न नाही, खरंच विचारतोय.)

रानजाई | २७ मे

दगडू, बॅडमिंटनमध्ये कोणी कोणाला काठीने हाणत नाही. मुलांच्या लॅक्रोसमध्ये हाणतात. हेल्मेट, शोल्डर पॅड, हातमोजे घालून अंगावर जायचं, काठीने काठीवर आणि हातावर मारायचं, हे सगळं नियमात बसतं. मुलींच्या खेळात अंगाला धक्का मारणं बंद. म्हणून डोळ्यांवर गॉगल आणि दातांत माउथगार्ड, बस्स. हेल्मेट फक्त गोलकीपरला. प्रत्येक बाजूने १२ जणी, गोलकीपर धरून. मुलांचे १०.

काठीही वेगळी. मुलांच्या जाळीला खोल पॉकेट असतं, चेंडू त्यात रुतून बसतो. मुलींच्या काठीत पॉकेट इतकं उथळ ठेवावं लागतं की चेंडू आत टाकून बाजूने बघितलं तर त्याचा वरचा भाग कडेच्या पट्टीच्या वर दिसला पाहिजे. सामन्याआधी अंपायर एकेक काठी हातात घेऊन चेंडू टाकून, दाबून, परत डोळ्यांसमोर धरून बघतात. लेकीच्या एका मैत्रिणीची काठी अशीच ऐन सामन्याआधी नापास झाली, तर तिची आई कठड्याला टेकून उभ्या उभ्या जाळीच्या दोऱ्या आवळत होती.

आता उथळ जाळीतला चेंडू पळताना पडणार नाही का? पडतो. म्हणून मनगट आणि कोपर सतत डावी-उजवीकडे वळवत राहायचं, त्याला क्रेडल करणं म्हणतात. पूर्ण वेगात पळताना, समोरची काठी आपल्या काठीवर आपटत असताना, हात बदलून हे करायचं. मुलांच्या खेळात जे काम पॉकेट करतं ते इथे मनगट करतं. म्हणून मला तो जास्त अवघड खेळ वाटतो.

जर्सीचा_जावई | २८ मे

रानजाईताई, धाग्याबद्दल आभार, पण मताशी असहमत. माझा मुलगा खेळतो, पुतणी खेळते, दोन्हीकडे हजेरी असते. मुलींच्या सामन्यात दर अर्ध्या मिनिटाला शिट्टी. शिट्टी वाजली की सगळ्या जागच्या जागी थिजून उभ्या. मग कोणाचा फाउल, का, कुठे, हे बाहेर बसलेल्या एकाही आईबापाला कळत नाही. शूटिंग स्पेस नावाची भानगड तर मला आजवर कोणी समजावून देऊ शकलेलं नाही. मुलांचा खेळ वाहता असतो. सोमवारची कॉर्नेल-मेरीलँड फायनल बघा, त्याच मैदानावर झाली.

रानजाई | २८ मे

जावईबापू, थिजून उभं राहणं गेलं हो, त्याला बरीच वर्षं झाली! २०१८ पासून शिट्टीनंतरही हलायची मोकळीक आहे, आणि फाउल झालेली मुलगी अंपायरची वाट न बघता स्वतःच पुढे निघू शकते. त्याच्या आधी, २०१७ ला, ९० सेकंदांचा शॉट क्लॉक आला, म्हणजे चेंडू मिळाल्यापासून तेवढ्यात गोलवर मारायचाच. पूर्वी आघाडीवर असलेला संघ चेंडू घेऊन मिनिटामागून मिनिटं नुसता गोलाभोवती फिरवत बसायचा, ते तुंबणं बंद झालं. २०२२ पासून १५-१५ मिनिटांची चार क्वार्टर. दहा वर्षांपूर्वीचा सामना आणि परवाचा शेजारी लावून बघितलेत तर फरक कळेल.

शूटिंग स्पेस सांगते. गोलवर नेम धरलेली मुलगी आणि गोल यांच्यामधल्या वाटेत, तिला नीट मार्क न करता, नुसतं आडवं येऊन उभं राहायचं नाही. कारण चेंडू कडक रबराचा, आणि मध्ये आलेल्या पोरीच्या डोक्यावर हेल्मेट नाही. अडवायचं तर काठीच्या अंतरात येऊन अडव, नाहीतर वाट सोड. अंगावर घेऊन गोल वाचवायची बहादुरी नियमाने बंद केलेली आहे. डिफेन्सच्या पोरीची आई म्हणून सांगते, हा नियम मला फार प्रिय आहे.

जर्सीचा_जावई | २८ मे

हां, हे पटलं. पण ही शिक्षा मग केवढी! आठ मीटरवरून जवळजवळ फुकटचा गोल.

रानजाई | २८ मे

फुकटचा नाही हो. गोलसमोर आठ मीटरची कमान आखलेली असते. तिच्या आत बचाव करणारीने मोठा फाउल केला की हल्ला करणारीला कमानीवरच्या खुणेवर उभं करतात आणि बाकीच्यांना चार मीटर मागे सारतात. शिट्टी झाली की ती एकटी गोलकडे सुटते, आणि दोन्ही बाजूंनी दोघी-तिघी तिच्यावर झेप घेतात. हातात सेकंद-दोन सेकंद. पाय किती टाकायचे, काठी वरून आणायची की कंबरेखालून, गोलकीपर कुठल्या पायावर आहे, हे एवढ्यात ठरवायचं. बॉस्टन कॉलेजच्या शार्लट नॉर्थचे असे गोल शोधून बघा. टेक्सासमध्ये वाढलेली पोर, म्हणजे लॅक्रोसच्या नकाशात आडगावची. ड्यूक विद्यापीठ सोडून बॉस्टनला आली आणि २०२१ मध्ये एका हंगामात १०२ गोल केले. तोवर एका हंगामात एवढे कुणाचेच नव्हते.

साबुदाणावडा | २९ मे

मी बॉस्टनची, त्यामुळे २०२१ चा विषय निघाला की गप्प बसवत नाही.

बॉस्टन कॉलेजने आधी तीन फायनल ओळीने घालवल्या होत्या. २०१७ ला मेरीलँडकडून, २०१८ ला जेम्स मॅडिसनकडून १५-१६, २०१९ ला पुन्हा मेरीलँडकडून. २०२० ला कोविडने हंगामच गिळला. मग २०२१ ला टाउसनच्या मैदानावर सिरॅक्यूजला १६-१० हरवून पहिलं विजेतेपद. पुढच्या वर्षी परत फायनल, नॉर्थ कॅरोलायनाकडून ११-१२. २०२३ ला नॉर्थवेस्टर्नने १८-६ असं धुतलं. आणि २०२४ ला त्याच नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ०-६ वर असताना मी टीव्ही बंद करून भांडी घासायला गेले. नवरा ओरडला म्हणून परत आले. १४-१३ ने जिंकलो! फायनलमध्ये इतक्या मागून येऊन कोणीच जिंकलेलं नाही. स्पर्धा झाली त्या प्रत्येक वर्षी फायनलला, ओळीने सात वेळा. यंदा ती साखळी सेमीफायनलला तुटली, तीही एका गोलने. अजून चुटपुट आहे.

दगडू_सदाशिवपेठ | २९ मे

०-६ वरून १४-१३? हा खेळ इतका पलटतो कसा?

रानजाई | २९ मे

ड्रॉमुळे. हॉकी-फुटबॉलमध्ये गोल झाला की ज्याने खाल्ला त्याला चेंडू मिळतो. इथे प्रत्येक गोलनंतर चेंडू पुन्हा मध्यभागी. दोघी समोरासमोर, काठ्या आडव्या, पाठीला पाठ लावून कमरेच्या वर धरलेल्या, मध्ये चेंडू अंपायर ठेवते. शिट्टीबरोबर दोघी काठ्या वर ओढतात. चेंडू दोघींच्या डोक्यांपेक्षा उंच उडालाच पाहिजे, नाहीतर परत. वर्तुळाभोवती प्रत्येकीच्या दोन साथीदार टपलेल्या. ज्या संघाच्या हातात तो पडला, त्याचा पुढचा हल्ला. म्हणजे गोल करा, ड्रॉ जिंका, परत गोल करा. समोरचा संघ पाच-पाच मिनिटं चेंडूला शिवतही नाही. त्यामुळे एखादी ड्रॉ घेणारी मुलगी तापली की सहा गोलांची आघाडी डोळ्यांदेखत विरघळते. टीव्हीवाले गोल करणारीच्या मागे कॅमेरा लावतात. मी तरी ड्रॉचे आकडे आधी बघते.

आबा_कऱ्हाडकर | २९ मे

नॉर्थवेस्टर्न म्हणजे त्याच पोरी ना, ज्या व्हाइट हाउसला चपला घालून गेल्या होत्या? त्या वेळी मी शिकागोत थोरल्याकडे होतो. पेपरात पहिल्या पानावर चपलांची चर्चा!

रानजाई | ३० मे

आबा, त्याच त्या! २००५ ची गोष्ट. विजेत्या संघाचा राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यासोबत फोटो निघाला आणि पुढच्या रांगेतल्या काही जणींच्या पायात फ्लिप-फ्लॉप. एकीच्या भावाने फोटो बघून तिला मेल टाकली की अगं, व्हाइट हाउसला चपला घालून गेलीस? तिथून जो राष्ट्रीय वाद पेटला तो आठवडाभर टीव्हीवर. पोरींनी पुढे त्या चपलांचा लिलाव करून पैसे ब्रेन ट्यूमर असलेल्या एका लहान मुलीसाठी दिले.

गंमत अशी की त्या चपलांमागची खरी गोष्ट कोणी सांगितलीच नाही. नॉर्थवेस्टर्नने १९९२ मध्ये हा संघच बंद करून टाकला होता, नुसता क्लब उरला. दशकभराने परत सुरू करायचं ठरलं तेव्हा केली अमोंटे हिलर या तरुण मुलीला कोच म्हणून बोलावलं. लॅक्रोस म्हणजे बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, लाँग आयलंड. तिथल्या नावाजलेल्या मुली शिकागोला कशाला जातील? मग तिने कॅम्पसवर पळणाऱ्या दोन जुळ्या बहिणींना हटकलं, कारण त्या तब्येतीने खेळाडू दिसत होत्या. कोस्टर बहिणी. त्यांनी लॅक्रोस कधी खेळलेलंच नव्हतं. २००५ ला त्या विजेत्या संघात होत्या, २१-०. त्याआधी पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाबाहेरच्या कुठल्याही कॉलेजने हे विजेतेपद जिंकलेलं नव्हतं. पुढे २००९ पर्यंत ओळीने पाच, मग २०११, २०१२, आणि २०२३. एकूण आठ.

आबा_कऱ्हाडकर | ३० मे

शाब्बास! म्हणजे चपलांचा कार्यक्रम त्यांनी नंतरही चालू ठेवला असता तरी चाललं असतं.

मुक्ता_वसईकर | ३० मे

मी स्वतः कॉलेजला डिव्हिजन थ्रीमध्ये खेळलेय, एक पुस्ती जोडते. इथे मेरीलँड नावाचं घराणं आहे, गाण्यात असतं तसं. सिंडी टिमचल ही मूळ गुरू. ती आधी नॉर्थवेस्टर्नलाच होती, मग मेरीलँडला आली आणि १९९५ ते २००१ ओळीने सात विजेतेपदं काढली. त्यातल्या पहिल्या दोन संघांत केली अमोंटे होती. बॉस्टन कॉलेजची कोच अकेशिया वॉकर-वाइनस्टीन मेरीलँडचीच. मेरीलँडची आत्ताची कोच कॅथी रीस, तीही टिमचलच्या हाताखाली खेळलेली. म्हणजे २०२३ आणि २०२४ च्या फायनलला दोन्ही बाकांवर एकाच गुरूच्या शिष्या बसल्या होत्या. मेरीलँडची एनसीएएची विजेतेपदं आता १४, कोणीच जवळपास नाही.

आणि ॲडलेडचा वाटा विसरू नका. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा टेवाराटन पुरस्कार २००१ ला सुरू झाला, मुलींमध्ये पहिला मिळाला तो मेरीलँडच्या जेन ॲडम्सला, ऑस्ट्रेलियन. २००८ आणि २००९ ला नॉर्थवेस्टर्नची हॅना नील्सन, तीही ऑस्ट्रेलियन. दोघी ॲडलेडच्या.

निरीक्षक | ३१ मे

धागा छान चाललाय, तरी दुसरी बाजू मांडतो. हा खेळ अमेरिकेत कोण खेळतं ते बघा. खासगी शाळा, हिरवीगार उपनगरं, गोरे सुखवस्तू लोक. मुलींचं लॅक्रोस ब्रिटिश बोर्डिंग स्कूलमधून आलं. १८९० मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमधल्या सेंट लिओनार्ड्स शाळेत सुरुवात. शाळेची पहिली मुख्याध्यापिका लुईझा लम्सडेनने कॅनडात सामना पाहिलेला, तिला आवडला, आणि तिथून तो शाळेत आला. त्याच शाळेची रोझाबेल सिंक्लेअर बाल्टिमोरला आली आणि १९२६ मध्ये ब्रिन मॉर शाळेत तिने अमेरिकेतला पहिला मुलींचा संघ बांधला. आजही नावं त्याच वर्तुळातली. हम्फ्री बहिणी कनेटिकटच्या डेरियनच्या, तिथली घरं कितीला जातात ते एकदा बघा.

आणि जे त्या वर्तुळातले नसतात त्यांचं काय होतं, त्याचा नमुना: २०२२ च्या एप्रिलमध्ये डेलावेअर स्टेट या कृष्णवर्णीय परंपरेच्या विद्यापीठाचा मुलींचा लॅक्रोस संघ फ्लोरिडातून सामना खेळून परतत होता. जॉर्जियात शेरीफच्या माणसांनी वाहतुकीच्या कारणावरून बस थांबवली, पोरींच्या बॅगा उचकून अमली पदार्थ शोधले. काही सापडलं नाही. गोऱ्या संघाची बस अशी थांबवली असती का?

रानजाई | ३१ मे

निरीक्षक, बसची गोष्ट लाजिरवाणी आहे, दुमत नाही. खर्चाबद्दलही नाही. काठी, गॉगल, क्लबची फी, उन्हाळ्यात दर शनिवार-रविवार दुसऱ्या राज्यात स्पर्धा, हॉटेल. आमच्याकडेही यावरून खडाजंगी होते.

पण खेळ पसरतोय तो वेगळ्याच कारणाने. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने कॉलेजांना मुलामुलींना खेळाची समान संधी द्यावी लागते. अमेरिकन फुटबॉलचा एक संघ म्हणजे शंभरावर मुलगे. तो आकडा भरून काढायला मुलींचे मोठे संघ लागतात, आणि लॅक्रोसमध्ये एका संघात तीसच्या वर मुली मावतात. १९८२ च्या पहिल्या एनसीएए स्पर्धेत मॅसॅच्युसेट्सने ट्रेंटन स्टेटला ९-६ हरवलं, तेव्हा सगळा मामला पूर्वेकडचाच होता. आता डिव्हिजन वनमध्येच शंभरहून अधिक संघ, यंदाच्या स्पर्धेत २९, आणि सेमीफायनलला फ्लोरिडा. ट्रेंटन स्टेटचं पुढे नाव बदललं, ते आता डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतात.

नागपूरची_संत्री | १ जून

वाचतेय आणि एक स्वार्थी प्रश्न. भाची व्हर्जिनियात नववीला आहे, तिचे बाबा म्हणतात लॅक्रोसमधून फुल स्कॉलरशिप मिळते. खरं का?

मुक्ता_वसईकर | १ जून

ताई, भावोजींना हळूच सांगा. डिव्हिजन वनच्या संघाला आजवर जास्तीत जास्त १२ स्कॉलरशिप देता यायच्या, त्याही तुकडे करून तीसेक मुलींत वाटलेल्या. बहुतेकींना अर्धी-पाव मिळते. हार्वर्ड-येलसारख्या आयव्ही लीगमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नाहीच, डिव्हिजन थ्रीमध्येही नाही. मला एक छदाम मिळाला नव्हता. प्रवेश मिळायला मात्र मदत होते, ते नाकारत नाही.

आणि अकरावीच्या १ सप्टेंबरपर्यंत कुठल्याही कोचला तिच्याशी भरतीबद्दल बोलता येत नाही. हा नियम लॅक्रोसने २०१७ मध्ये स्वतः मागून घेतला, कारण आठवी-नववीच्या पोरी कॉलेज ठरवून मोकळ्या व्हायला लागल्या होत्या. त्यामुळे आत्ता कोणी मध्यस्थ पैसे मागून "ओळख करून देतो" म्हणत असेल तर दारातूनच परत पाठवा.

रानजाई | २ जून

ताजी खबर: यंदाचा टेवाराटन क्लोई हम्फ्रीला. पहिल्या वर्षाच्या खेळाडूला तो आजवर मिळाला नव्हता, मुलांमध्येही नाही. आधीचे दोन नॉर्थवेस्टर्नच्या इझी स्केनने नेले होते, जी ३७६ गोल करून गेली.

जर्सीचा_जावई | २ जून

आणि ती स्केन आता कुठे खेळते? माझा खरा मुद्दा हाच. कॉलेज संपलं की पोरींना पुढे काय? तुम्ही कळस म्हणता, मला तो कडेलोट वाटतो.

रानजाई | ३ जून

हा घाव बरोबर बसला. म्हणूनच मी कॉलेजला कळस म्हणते. व्यावसायिक लीग येतात आणि गुंडाळल्या जातात. या फेब्रुवारीत चार संघांची नवी लीग सुरू झाली, तीही छोट्या मैदानावरची सहा-सहा जणींची. बहुतेक जणी दिवसा नोकरी करतात, कोचिंग करतात. बाविसाव्या वर्षी, मे महिन्यातल्या एका दुपारी, आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना खेळून संपतो. परवा नॉर्थवेस्टर्नच्या शेवटच्या वर्षाच्या मुली हरल्यावर मैदान सोडायलाच तयार नव्हत्या.

निरीक्षक | ३ जून

ऑलिंपिकमुळे हे बदलेल का? २०२८ च्या लॉस एंजेलिसला लॅक्रोस आहे. आणि तो निर्णय झाला कुठे माहितीये? आपल्या मुंबईत! ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन वांद्रे-कुर्ला संकुलात भरलं होतं. आपल्याकडच्या सगळ्या पेपरांनी "क्रिकेट ऑलिंपिकमध्ये" एवढाच मथळा लावला. त्याच ठरावात लॅक्रोस, स्क्वॉश, फ्लॅग फुटबॉल आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल होते. लॅक्रोसला पदकं याआधी १९०४ आणि १९०८ ला होती, तीही फक्त पुरुषांची.

मुक्ता_वसईकर | ४ जून

हो, पण तिथे येणार तो सिक्सेस. सहा-सहा जणी, आठ-आठ मिनिटांची क्वार्टर, ३० सेकंदांचा शॉट क्लॉक, लहान मैदान. कसोटीवाल्यांना टी-ट्वेंटीबद्दल जे वाटायचं ते आम्हाला याबद्दल वाटतं.

शिवाय खेळ मुळात ज्यांचा, त्या हौडेनोशौनी (उत्तर अमेरिकेतले मूळनिवासी) लोकांचाच संघ ऑलिंपिकला जाऊ शकेल का हे अडलंय. जागतिक स्पर्धांना ते स्वतंत्र राष्ट्र म्हणून, स्वतःच्या झेंड्याखाली खेळतात. ऑलिंपिक समिती म्हणते राष्ट्रीय ऑलिंपिक समिती असेल तरच या. २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी त्यांची बाजू घेतली, तरी नकारच. आणि त्यांच्यातल्या मुलींची वाट दुहेरी अवघड. त्यांच्या परंपरेत हा खेळ म्हणजे औषध, प्रार्थना, आणि तो पुरुषांचा. लाकडी काठीला बाईने हात लावायचा नाही असा संकेत. अनेक घरांत आजी-आत्यांचाच विरोध असायचा. तरी आज त्यांचा महिला संघ जगात खेळतो.

दगडू_सदाशिवपेठ | ४ जून

आजीचा विरोध आणि तरी खेळायचं, हे कुठल्याही देशात सारखंच दिसतंय. ताई, मला एकच सामना बघायचाय. अख्खा. कुठला बघू?

साबुदाणावडा | ४ जून

२०२४ फायनल!!!

रानजाई | ४ जून

साबुदाण्याचं ऐकू नकोस, तिचा जीव गुंतलाय. २०२२ ची सेमीफायनल बघ, नॉर्थ कॅरोलायना विरुद्ध नॉर्थवेस्टर्न, बाल्टिमोरचं होमवुड फील्ड. नॉर्थ कॅरोलायना ५-१३ अशी मागे होती आणि १५-१४ ने जिंकली. शेवटच्या क्वार्टरमध्ये सॅम गायर्सबाक नावाच्या मुलीवर नजर ठेव.

दगडू_सदाशिवपेठ | ७ जून

बघितला. पहिला अर्धा तास शिट्ट्यांनी डोकं उठलं, जावईबापूंशी सहमत. मग ड्रॉ मोजायला लागलो. चौथ्या क्वार्टरला बायको स्वयंपाकघरातून विचारायला आली की एवढं काय झालं. तिलाही बसवलं. तिचा प्रश्न: आठ गोलांनी पुढे असताना नॉर्थवेस्टर्नने ते ९० सेकंद पूर्ण का वापरले नाहीत?

जर्सीचा_जावई | ७ जून

वहिनींना कोचच्या बाकावर बसवा.

मुक्ता_वसईकर | ८ जून

नागपूरच्या संत्रीताई, एक बदल. ६ जूनला न्यायालयाने खेळाडू आणि एनसीएए यांच्यातल्या दाव्याचा तडजोडीचा करार मंजूर केला. करारात सामील होणाऱ्या विद्यापीठांना आता स्कॉलरशिपची १२ ची मर्यादा नाही, त्याऐवजी संघात जास्तीत जास्त ३८ मुली. कागदावर सगळ्यांना पूर्ण देता येईल. पण फुटबॉल-बास्केटबॉलला वाटून उरलेल्या पैशांतून किती कॉलेजं देतील हे बघायचं. भावोजींना आत्ताच पेढे वाटू देऊ नका.

नागपूरची_संत्री | ८ जून

वाटून झाले 😀 भाचीने मात्र वेगळंच काढलंय, तिला गोलकीपर व्हायचंय. ताईला धसका. रानजाई, तुम्ही काय म्हणाल?

रानजाई | ९ जून

होऊ द्या. मैदानावर हेल्मेट घालणारी तीच एक. छातीचं आणि मांड्यांचं पॅडिंग चांगल्या प्रतीचं घ्या, हातमोजे अंगठ्याला संरक्षण असलेले घ्या, आणि पहिल्या महिन्यात अंगावर काळेनिळे डाग दिसले तर ताईंना आधीच कल्पना देऊन ठेवा. चांगल्या गोलकीपरची प्रत्येक संघाला टंचाई असते, शाळेतही आणि कॉलेजलाही.